नवरा लेस्टरला, बायको सांगलीत: ब्रिटनचा स्पाउज व्हिसा समजून घेताना

आमचा साखरपुडा डिसेंबर २०१९ मध्ये सांगलीत झाला. मे २०२० चा मुहूर्त काढला, कार्यालयाला आगाऊ रक्कम दिली आणि मार्चमध्ये विमानंच बंद झाली. लग्न लागायला डिसेंबर २०२१ उजाडला. मी लेस्टरला पोहोचले सप्टेंबर २०२२ मध्ये. साखरपुड्यापासून एका घरात राहायला यायला पावणेतीन वर्षं गेली आणि त्यात प्रत्यक्ष एकत्र काढलेले दिवस जेमतेम सव्वा महिना भरतील.

त्या काळात मला एकाच गोष्टीचा फार राग यायचा. आमचं नातं खरं आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, मग ते कुणा परक्याला पटवून का द्यायचं? फाइल करता करता एक गोष्ट उमगली. अर्ज तपासणाऱ्या माणसाने आपल्याला कधी पाहिलेलं नसतं आणि बहुतेक वेळा तो पाहणारही नसतो. अमेरिकेच्या व्हिसाला खिडकीपुढे उभं राहून उत्तरं द्यावी लागतात, तशी मुलाखत ब्रिटनच्या या व्हिसाला सहसा होत नाही. त्याच्यासमोर येतात ते स्कॅन केलेले कागद. त्याला जे दुसऱ्या कागदाशी ताडून बघता येतं, तेच त्याच्या उपयोगाचं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचे सगळे नियम समजायला सोपे जातात.

आधी एक खुलासा. मी वकील नाही. ब्रिटनमध्ये एखाद्याच्या अर्जाबद्दल सल्ला द्यायचा, अगदी फुकट द्यायचा तरी, तो अधिकार वकिलांना आणि सरकारदरबारी नोंद असलेल्या सल्लागारांनाच आहे. म्हणून इथे नियम काय आहेत आणि ते तसे का आहेत, एवढंच सांगते. तुमची केस गुंतागुंतीची असेल तर नोंदणीकृत सल्लागाराचे पैसे वाचवू नका.

कोणता व्हिसा, कुणासाठी

मला फोनवर विचारल्या जाणाऱ्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच असतं. स्पाउज व्हिसा मिळतो तो मुख्यतः जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तिथे कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, मिळालेली असेल तेव्हा. नवरा पुण्याच्या कंपनीतून किंवा थेट तिथल्या कंपनीत स्किल्ड वर्करसारख्या नोकरीच्या व्हिसावर गेला असेल, तर बायकोला डिपेंडंट व्हिसा लागतो. त्याचे नियम, फी, पैशांची अट, सगळं वेगळं. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्कर म्हणून, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करायला, गेलेल्यांना तर कुटुंब आणता येत नाही. तेव्हा स्थळ बघतानाच ‘मुलगा यूकेला असतो’ एवढ्यावर थांबू नका, कोणत्या व्हिसावर असतो ते विचारा. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

लग्न तिकडे जाऊन करायचं असेल तर फियॉन्से व्हिसा असतो. तो सहा महिन्यांचा, त्यात नोकरी करता येत नाही आणि लग्नानंतर पुन्हा अर्ज व पुन्हा फी. आपल्याकडे लग्न इथेच होतं, त्यामुळे हा मार्ग क्वचितच कामाचा.

एवढा संशय का

याला इतिहास आहे आणि तो आपल्या लोकांनी सोसलेला आहे. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य-तपासणी करण्यात आली. ती अविवाहित आहे की आधीच कुणाची बायको आहे, हे ठरवण्यासाठी! वर्तमानपत्रातून बातमी फुटली, गदारोळ झाला आणि हा प्रकार थांबवावा लागला. पुढे १९८० च्या दशकात ‘प्रायमरी पर्पज’ नावाचा नियम आला. लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणं हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. ठरवून केलेल्या लग्नात हे कसं सिद्ध करणार? भारतीय उपखंडातल्या हजारो जोडप्यांना, विशेषतः नवऱ्यांना, या नियमाने अडवून ठेवलं. जून १९९७ मध्ये तो रद्द झाला.

आजचे नियम जुलै २०१२ पासूनचे आहेत. त्यात हेतूची चिरफाड नाही, पण नातं ‘खरं आणि चालू’ आहे, दोघं प्रत्यक्ष भेटलेले आहेत आणि पुढे कायम एकत्र राहणार आहेत, हे दाखवावं लागतं. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द महत्त्वाचा. तीन वर्षं रोज व्हिडिओ कॉल केला तरी ती भेट धरत नाहीत. ठरवून केलेलं लग्न असण्याला मात्र काहीही हरकत नाही. ‘आमचं लव्ह मॅरेज आहे असं लिहू का?’ असं एका मुलीने मला घाबरत विचारलं होतं. अजिबात नाही. मावशीने स्थळ सुचवलं, पत्रिका जुळली, पुण्यात एका हॉटेलात दोन्ही घरं भेटली, असं जे घडलं ते तसंच लिहायचं.

नात्याचा पुरावा: ‘जेवलीस का?’ चं भाषांतर

दूर राहणाऱ्या जोडप्यांचं एक बरं असतं. एका घरात राहणाऱ्यांचं बोलणं हवेत विरतं, आपलं सगळं फोनमध्ये साठून राहतं. अडचण असते ती निवडायची. आमच्या चॅटची पूर्ण फाइल काढली तर ती हजारो पानांची निघाली. ती कुणी वाचत नाही आणि वाचावी अशी अपेक्षाही नाही. मी दर महिन्याचं एक पान निवडलं. ओळख झाल्याच्या पहिल्या महिन्यापासून अर्जाच्या महिन्यापर्यंत. पानावर तारीख, वेळ आणि दोघांची नावं दिसतील असं बघितलं. सोबत कॉलच्या नोंदींचे काही स्क्रीनशॉट.

आता भाषेचं. इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदासोबत भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्याने ते मूळ मजकुराशी तंतोतंत जुळतं असं लिहून द्यायचं, तारीख घालायची, स्वतःचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यायचा. आपण मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहितो. तेही मराठीच, त्याचंही भाषांतर हवं. म्हणून पानं कमी आणि नेमकी निवडा, नाहीतर भाषांतराचं बिलच हातात येईल.

माझ्या निवडलेल्या पानांची भाषांतरं परत आली तेव्हा मी ती वाचत बसले. ‘जेवलीस का?’, ‘हो. तू?’, ‘आत्ता लंच. कालचीच भाजी.’ इंग्रजीत ते किती रुक्ष वाटत होतं! कुठे कविता नाही, प्रेमाचा शब्द नाही. मला वाटलं, हे वाचून त्या माणसाला काय कळणार? मग वेळांकडे लक्ष गेलं. माझा मेसेज संध्याकाळी साडेसहाचा, तेव्हा त्याच्याकडे दुपारचा एक. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा साडेपाच तासांचा फरक साडेचारवर येतो. तर एप्रिलच्या पानावर माझ्या मेसेजची वेळही साडेपाचवर सरकलेली, कारण त्याची जेवणाची सुट्टी एकलाच असायची. मार्च, एप्रिल, ऑक्टोबर, नोव्हेंबर, प्रत्येक वर्षी तसंच. असं कुणाला ठरवून रचता येत नाही. भाषांतरकाराला मी एक शब्दही सजवू दिला नाही.

चॅटपेक्षाही जड पडतात ते तिसऱ्या कुणीतरी केलेले कागद. पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, विमानाच्या तिकिटाचं बिल, तो आला तेव्हाचं हॉटेल किंवा बसचं आरक्षण, एकमेकांना पाठवलेल्या पैशांची बँकेतली नोंद, वाढदिवसाला मागवलेल्या केकची पावती. आमच्या फाइलीत कार्यालयाची पावती, छायाचित्रकाराचं बिल आणि लग्नपत्रिका होती. मे २०२० ची रद्द झालेली पत्रिकासुद्धा मी लावली. आईने ती देवाजवळ ठेवली होती, ‘अशुभ आहे, नको लावू’ म्हणत होती. पण साखरपुड्यानंतर दोन वर्षं लग्न का नाही, या प्रश्नाचं तिच्याइतकं चोख उत्तर दुसऱ्या कशातच नव्हतं.

फोटो वीसएक पुरतात. दोघांचेच नकोत, दोन्हीकडची माणसं दिसावीत, वेगवेगळ्या वेळचे असावेत. प्रत्येकाखाली एक ओळ लिहा: कधी, कुठे, कोण. तिथल्या अधिकाऱ्याला साखरपुडा आणि लग्न यांतला फरक माहीत असेलच असं नाही. मुंडावळ्या, हळद, केळवण हे त्याच्यासाठी नुसतेच रंगीत फोटो. ‘लग्नाआधी नातेवाइकांनी दिलेलं जेवण, स्थळ माझ्या काकांचं घर’ एवढं लिहिलं की काम होतं.

आणि जिथे खंड आहे, तिथे तो झाकू नका. आम्ही साखरपुड्यानंतर जवळजवळ दोन वर्षं भेटलो नव्हतो. मार्च २०२० मध्ये विमानं बंद, एप्रिल ते ऑगस्ट २०२१ मध्ये भारत ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांत. कव्हरिंग लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात, एका परिच्छेदात तारखांसह हे लिहिलं. कुणाचं मधे भांडण होऊन चार महिने बोलणं बंद असेल, तर तेही साध्या शब्दांत लिहिता येतं. न सांगितलेला खंड खटकतो. सांगितला की तो माणसांच्या आयुष्यातला एक काळ होतो.

दाखला आणि तांदळातलं नाव

लग्न कायद्याने वैध असायला हवं आणि त्याचा कागद हवा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाहनोंदणी होते. नमुना ‘ड’ मधला अर्ज भरायचा, नमुना ‘ई’ मधला दाखला मिळतो. महापालिका, नगरपालिका, गावात ग्रामपंचायत, जिथे लग्न लागलं किंवा जिथे तुम्ही राहता त्याप्रमाणे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर तीस दिवसांच्या नोटिशीचा काळ धरा. जोडीदार दोन आठवड्यांच्या रजेवर येणार असेल तर हे गणित आधी करावं लागतं. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर आलंच. काही जोडपी कागदपत्रांसाठी फेब्रुवारीत नोंदणी-लग्न करतात आणि मे महिन्यात विधिवत लग्न. त्यात गैर काही नाही, पण मग दोन तारखा होतात. कव्हरिंग लेटरमध्ये दोन्ही सांगा, नाहीतर मेच्या फोटोंमधल्या हारतुऱ्यांचा अर्थ लागत नाही.

खरा गोंधळ होतो नावाचा. आपल्याकडे मुलीच्या नावात मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं. आडनाव बदलतं. काही घरांत पहिलं नावही बदलतं, नवरा तांदळात अंगठीने लिहितो ते. पासपोर्टवर मात्र मी अजून वडिलांच्या नावाची. मी नोंदणी कार्यालयात गेले तेव्हा टंकलेखन करणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, ‘लग्नानंतरचं नाव काय लावायचं, ताई?’ आणि मी काही बोलायच्या आत सोबत आलेल्या आत्याने उत्साहाने सांगून टाकलं. दाखल्यावर वधूच्या रकान्यात माझं नवीन नाव उमटलं. त्या नावाचा एकही ओळखपत्राचा कागद माझ्याकडे नव्हता. पासपोर्ट, आधार, पदवी, बँक, सगळीकडे मी जुनीच. दाखला दुरुस्त करून मिळायला पाच आठवडे गेले आणि मधे मी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवलं. त्या पाच आठवड्यांत मी आत्याशी धड बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

स्पाउज व्हिसासाठी नवऱ्याचं आडनाव लावायची काहीही गरज नसते. अर्ज पासपोर्टवर असेल त्याच नावाने होतो. नाव बदलायचंच असेल तर एक तर आधी राजपत्र, पासपोर्ट, बँक असं सगळं उरकून मग अर्ज करा, किंवा सरळ व्हिसा मिळून स्थिरस्थावर झाल्यावर बघा. अर्धवट बदललेलं नाव फार छळतं. घरातल्या मोठ्यांना हे आधीच, शांतपणे समजावून ठेवा.

पैसे

सगळ्यात जास्त अर्ज अडखळतात ते इथे. ११ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमधल्या जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असावं लागतं. माझ्या वेळी हा आकडा १८,६०० होता. तिथे आलेली व्यक्ती सरकारी मदतीवर अवलंबून राहू नये, हा अटीमागचा उद्देश. या अटीविरुद्धचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की या अटीने हजारो जोडप्यांची ताटातूट होते, पण अट मुळात बेकायदेशीर नाही असा निकाल दिला. मला ही अट कठोर वाटते. दुकानात, गोदामात, स्वयंपाकघरात पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसाला त्या आकड्यापर्यंत पोहोचणं अवघड जातं आणि त्याची शिक्षा त्याच्या बायकोला होते. पण आज नियम तो आहे.

कुणाचं उत्पन्न धरतात? पहिला अर्ज भारतातून करताना इथल्या अर्जदाराचा पगार धरत नाहीत. तुम्ही हिंजवडीत महिना दीड लाख कमावत असलात तरी त्याचा इथे उपयोग नाही. जोडीदार एकाच नोकरीत सहा महिने किंवा जास्त असेल तर कागद सोपे: सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र. नोकरी नुकतीच बदलली असेल तर मागच्या बारा महिन्यांचा हिशेब मागतात, त्यामुळे शक्य असेल तर नव्या नोकरीत सहा महिने होईपर्यंत थांबणं सोयीचं पडतं. कागद अर्जाच्या तारखेच्या २८ दिवसांच्या आतपर्यंतचे ताजे असावे लागतात.

आता ताडून बघण्याची गोष्ट इथे शब्दशः लागू होते. स्लिपवर हातात पडलेला पगार १,९८७ पौंड ४२ पेन्स असेल तर स्टेटमेंटमध्ये त्या महिन्यात तोच आकडा, त्याच कंपनीच्या नावाने, पेन्ससकट दिसायला हवा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि सहाही महिने बोट ठेवून तपासा. कुठे फरक असेल, समजा कंपनीने प्रवासखर्च वेगळा टाकला, तर कंपनीच्या पत्रात त्याचा खुलासा घ्या. ओळखीतल्या एकीचा अर्ज एका गहाळ स्लिपेसाठी अडला होता.

उत्पन्न कमी पडलं तर बचतीने भरून काढता येतं. इथे अर्जदाराची बचतसुद्धा चालते. हिशेब असा: जेवढे पौंड कमी पडतात त्याला अडीचने गुणा आणि त्यात १६,००० मिळवा. नवऱ्याचा पगार २५,००० असेल तर ४,००० कमी पडतात. त्याची अडीचपट १०,०००, अधिक १६,०००, म्हणजे २६,००० पौंड बचत दाखवावी लागेल. उत्पन्न शून्य असेल तर हाच आकडा ८८,५०० होतो.

ही बचत सहा महिने तुमच्या ताब्यात असायला हवी. वडिलांनी एफडी मोडून पैसे मुलीच्या खात्यात टाकले आणि चार महिन्यांनी अर्ज केला, तर अर्ज नापास. अजून दोन महिने थांबले असते तर पास. पैसे भेट म्हणून मिळाले असतील तर चालतात, तसं देणाऱ्याचं पत्र जोडा. उसने घेतलेले चालत नाहीत. सातबारा, गुंठेवारीचा प्लॉट, सोनं, यांतलं काहीही बचत म्हणून धरत नाहीत. जमीन विकून पैसे बँकेत आले तर गोष्ट वेगळी. मला सांगायला वाईट वाटतं, पण लोक सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडतात, त्यावर हजारो रुपये घालवतात.

जोडीदाराला तिथे अपंगत्वाचा किंवा कुणाची देखभाल करण्याचा ठरावीक भत्ता मिळत असेल, तर २९,००० ची अट लागू होत नाही. वेगळा, सौम्य हिशेब लागतो.

इंग्रजी, क्षयरोग, घर

हे तीन भाग तुलनेने सरळ. इंग्रजीची पातळी ए१, म्हणजे अगदी पहिली पायरी, आणि फक्त बोलणं-ऐकणं. आयईएलटीएस लाइफ स्किल्स ही त्यासाठीची एक परीक्षा. जेमतेम वीस मिनिटांची, सोबत दुसरा एक उमेदवार असतो, दोघांनी आपापली ओळख सांगायची, रोजच्या गोष्टींवर बोलायचं. मराठी माध्यमात शिकलेल्या मुली याला फार घाबरतात. पंधरा दिवस रोज अर्धा तास मोठ्याने बोलायचा सराव केला तर ही परीक्षा होते. मात्र परीक्षा ब्रिटनच्या यादीतलीच हवी, कॉलेजसाठी दिलेली साधी आयईएलटीएस चालेलच असं नाही. पदवी इंग्रजीतून झाली असेल तर एक्टिस नावाच्या संस्थेकडून तसं प्रमाणपत्र घेऊन परीक्षा टाळता येते.

क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे काढतात. केंद्र त्यांच्या यादीतलंच लागतं, जवळच्या डॉक्टरांचं पत्र चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून बाकी कागद आवाक्यात आल्यावरच काढा. एक्स-रेत शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिला दोन महिनेही लागू शकतात. गरोदर असाल तर एक्स-रेच्या आधी सांगा.

घर स्वतःचं असण्याची अट नाही. सासू-सासऱ्यांबरोबर किंवा भाड्याच्या घरातल्या एका खोलीत राहणार असाल तरी चालतं, फक्त ती खोली तुमची असावी आणि गर्दी व्हायला नको. तीन खोल्यांत पाच माणसं, असा साधारण हिशेब आहे आणि त्यात बैठकीची खोलीही मोजतात. घरमालकाचं किंवा सासऱ्यांचं संमतीपत्र लावा.

अर्ज, फी आणि वाट बघणं

अर्ज सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा. एप्रिल २०२५ च्या दराप्रमाणे फी १,९३८ पौंड. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार, वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा ३३ महिन्यांचा असला तरी अधिभार तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५. दोन्ही मिळून ५,०४३ पौंड, सहा लाख रुपयांच्या आसपास. फी बहुधा एप्रिलमध्ये बदलते, तेव्हा भरण्याच्या दिवशी आकडा पुन्हा बघा. मग व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो. कागद आधीच घरून स्कॅन करून चढवा, नावं देऊन, क्रमाने. ‘स्कॅन ००४७’ अशा नावाच्या शंभर फायली पाठवल्या तर आपणच आपलं नुकसान करतो.

निर्णयाला साधारण बारा आठवडे धरतात. माझ्या वेळी, २०२२ मध्ये, युक्रेनहून येणाऱ्यांचे अर्ज आधी घेतले जात होते, त्यामुळे चोवीस आठवडे लागत होते. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी फोन उचलला की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. नोकरी सोडू नका, तिकीट काढू नका, निरोप समारंभ ठरवू नका. एवढं केलं तरी वाट बघणं बरंच सुसह्य होतं.

अर्ज नाकारला गेला तर आरोग्याचा अधिभार परत मिळतो, फी नाही. भारतातून अपील करायला २८ दिवस मिळतात. चूक कागदाची असेल तर अपिलापेक्षा नव्याने अर्ज केल्याने काम लवकर होऊ शकतं, आणि हा निर्णय मात्र जाणकाराला विचारूनच घ्या. एक गोष्ट कधीच करू नका: खोटा कागद. आधी कधी टुरिस्ट व्हिसा नाकारला गेला असेल तर तोही लिहा. लपवाछपवी उघडी पडली तर दहा वर्षांपर्यंत दारं बंद होऊ शकतात. ‘स्टेटमेंट आम्ही बनवून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर त्याच पावली परत फिरा.

तिथे पोहोचल्यावर

प्लॅस्टिकचं कार्ड आता मिळत नाही. ती पद्धत २०२४ अखेर बंद झाली, व्हिसा ऑनलाइन खात्यात असतो. नोकरी करता येते, दवाखान्यात जाता येतं, सरकारी भत्ते मात्र घेता येत नाहीत. साधारण अडीच वर्षांनी मुदतवाढ, तिथे इंग्रजी ए२, म्हणजे पुढची पायरी. पाच वर्षांनी आयएलआर, तिथे त्याच्याही वरची बी१ आणि देशाच्या माहितीची एक परीक्षा.

हे पुढचं मी प्रत्येक मुलीला सांगते, लग्न कितीही चांगलं असलं तरी. तुमचा व्हिसा नवऱ्याच्या भरवशावर असतो आणि त्याची धमकी दिली जाऊ शकते: ‘परत पाठवून देईन.’ तसं त्याला करता येत नाही. घरात मारहाण, छळ, पैशांची कोंडी होत असेल तर अशा स्त्रीसाठी, आणि पुरुषासाठीही, वेगळी सवलत आहे. तिच्याखाली तीन महिने स्वतःच्या नावावर राहता येतं, सरकारी मदत घेता येते आणि त्या काळात थेट कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. पासपोर्ट आपल्या ताब्यात ठेवा, ऑनलाइन खात्याचा पासवर्ड आपल्याला माहीत असू द्या आणि सांगलीत, साताऱ्यात, कुठेही एका माणसाला तुमचा तिथला पूर्ण पत्ता देऊन ठेवा.

बाकी कामं घरगुती असतात. मुदतवाढीच्या वेळी दोघं एकाच पत्त्यावर राहत होतो याचे कागद मागतात आणि ते मागच्या तारखेने गोळा करता येत नाहीत. म्हणून पोहोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही पाण्याच्या बिलावर आणि कौन्सिल टॅक्सवर (तिथली घरपट्टी) माझं नाव चढवून घेतलं, दवाखान्यात नोंद केली, एकत्र खातं उघडलं. पत्र आलं की ते स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीवर, पोह्यांच्या बरणीमागे ठेवलेल्या निळ्या फोल्डरमध्ये जातं. पहिलं पत्र आलं ते पाणीपट्टीचं होतं. पाकिटावर दोघांची नावं शेजारी शेजारी छापलेली होती आणि माझं नाव पासपोर्टवर आहे तसंच होतं, वडिलांच्या नावासकट.